माझ्या नावाची म्हैस

प्रिय माय,

वहिनीच्या आधी तुला हे मीच कळवावं, म्हणून घाईनं लिहायला बसलेय. रोज सकाळी तुझ्या फोटोपुढं उदबत्ती लावताना वहिनी तुझ्याशी बोलते, ठाऊक आहे ना? "आत्या, भुरीनं आज पान्हा चोरला. आत्या, शौर्यला खोकला झालाय." शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं इतक्या सहज! मी बाजेवर पडून ऐकत असते. मला तसं जमत नाही. तुझ्या फोटोपुढं उभी राहिले की मी नुसती काच पुसते आणि परत फिरते. मग घरातली सगळी खबर तुला तिच्याच तोंडून कळणार, माझीसुद्धा. ते मला चालणार नाही.

तर खबर अशी. भुरीचं दूध मी आज पक्कं सोडलं. रुसून नाही, हट्टानं नाही. मी प्यायले की ते अंगावरच्या दुधातून माझ्या लेकीला, चिमीला जातं आणि तिला सोसत नाही, म्हणून.

झालं सांगून. आता उद्या सकाळी वहिनीनं सांगितलं तरी ती दुसरी.

तू म्हणशील, "दूध कधी बाधतं व्हय?" मीही तेच म्हणाले होते, माय. अख्खा गाव तेच म्हणत होता.

मला दिवस गेल्याचं परंड्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा तू आधी हसलीस, मग रडलीस आणि मग म्हणालीस, "बरं झालं बाई. भुरी पण गाभण हाय. दोघी एकाच टायमाला मोकळ्या व्हताल." किती चिडले होते मी! घरातली पहिली पदवीधर लेक, आणि तिला म्हशीच्या जोडीला बसवलंस! तू आपली तुझ्याच नादात. "आगं, बाळंतिणीला घरचं दूध लागतं. तुझ्या नावानं ठिवलीय तिला. तू हितं हाईस तवर डेअरीला एक थेंब घालणार न्हाय."

मग मला सातवा लागला आणि तुझ्या छातीत कळ आली. धाराशिवच्या दवाखान्यात पोचेपर्यंतसुद्धा तू थांबली नाहीस. भुरी मात्र बरोबर माझ्या थोडी आधी व्याली. तिनं शब्द पाळला. तू नाही पाळलास.

सासूबाई म्हणाल्या होत्या, "माहेरी आता कोण हाय? हितंच ऱ्हा." त्या चांगल्या आहेत, मनापासून म्हणाल्या. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि रीत बाजूला ठेवली तरी मला इकडंच यायचं होतं. माझ्या नावाची म्हैस दावणीला उभी होती. तू माझ्यासाठी ठेवलेलं दुसरं काय उरलं होतं?

बाळंतपण वहिनीनं केलं. तक्रारीला जागा नाही, हीच तर तक्रार आहे! अळीव ती तुझ्यासारखेच भिजवते. धुरी देताना निखाऱ्यावर ओवा टाकते आणि तुझ्यासारखीच मान एका बाजूला वळवते. चिमीला पायावर घेऊन पाणी घालते, तेव्हा टाळूवर हाताची तशीच पन्हाळ धरते. तिच्या हाताला बाळंतशेपेचा वास येतो, तुझ्या हाताला यायचा तसा. मी डोळे मिटले की तू असतेस, उघडले की ती. असा राग येतो म्हणून सांगू!

कारण तिला हे सगळं तूच शिकवलंस. तिला आई नाही, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण, शौर्यचं, आपल्याकडं झालं. मी तेव्हा लातूरला होस्टेलवर, शेवटच्या वर्षाला. मेसमधलं डाळीचं पाणी भाताला लावून खात होते आणि इकडं रेखावहिनी तुझ्या हातचे डिंकाचे लाडू खात होती. फोन केला की तुला घाई. "थांब बाई, रेखीला शेक द्यायचाय." "आत्ता न्हाय गं, तिचं डोकं धुतेय." एकदा मी विचारलंच, "आणि माझं कोण बघणार?" तू हसलीस. "तिला माय न्हाय जोते, तुला हाय की. तुझी येळ आल्यावर तुझं."

माझी वेळ आली, माय. तू कुठं होतीस?

आणि मला काय शिकवलंस? चुलीपाशी बसले की उठवायचीस. "तू वाच. हे काय, गाढवालाबी जमतंय." वाचलं मी. अण्णांचं छत्र गेल्यावर तू रोजगारानं जाऊन मला शिकवलंस, त्याचं मोल मला कळतं. मुलींनी शिकावं, नोकरी करावी, हे मी शाळेत शिकवताना पोरींना अजूनही तळमळीनं सांगते आणि खरं मानूनच सांगते. पण अळीव किती भिजवायचे, हे मला वहिनीला विचारावं लागतं. तेव्हा ती म्हणते, "आत्या असं करायच्या." माझ्याच आईची ओळख ती मला करून देते!

असो. चिमीचं सांगते.

पहिले काही दिवस ती शहाण्यासारखी होती. मग दूध काढायला लागली. पाजून खांद्यावर घेतलं की भळकन, माझी पाठ ओली. लेकरं दूध काढतातच, ते मला माहीत होतं. पण ही पाजताना मध्येच तोंड सोडायची, पाठ ताणून मागं वाकायची आणि असा टाहो फोडायची की शौर्य कानांवर हात ठेवून अंगणात पळायचा.

मग पंचायत बसली. शेजारच्या कमलमावशी रोज दुपारी येऊन माझ्या ताटाची झडती घ्यायच्या. भात गेला, थंड म्हणून. शेंगदाण्याची चटणी गेली, पित्त म्हणून. वरण गेलं, वाताचं. केळं सर्दीचं. वांग्याचं तर नावच काढायचं नाही.

मी म्हणाले, "मावशी, याला काही पुरावा आहे का?"

"पुरावा?" मावशी म्हणाल्या. "माजी पाच लेकरं बघ की गावभर हिंडताना. पुरावाच हिंडतोय!"

वहिनी गालातल्या गालात हसली आणि ताटातली वाटी उचलून घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आत्या असत्या तर त्यांनीबी हेच केलं असतं, ताई."

हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते. तू काय केलं असतंस, हे मला ती सांगणार?

होता होता ताटात बाजरीची भाकरी आणि मेथी एवढंच उरलं. आणि दूध. बाकीचं कमी झालं तसतसं दूध वाढत गेलं. "भाकरी जात न्हाय का? मग दूध प्या." सकाळी पेला होता तो तांब्या झाला, संध्याकाळी आणखी एक. दुधात अळीव, दुधात खारीक, वरून तुपाचा गोळा. ताटातल्या एकेका पदार्थाची चौकशी झाली, दुधाला कुणी हटकलंसुद्धा नाही. मावशींनी नाही, वहिनीनं नाही, आणि पुरावा मागणाऱ्या मीही नाही. मी तर चवीनं प्यायचे. चुलीवर तापलेलं, धुराचा वास असलेलं, वर बोटभर साय. प्रत्येक घोटाला वाटायचं, हे वहिनीचं नाही. हे माझ्या नावाचं आहे.

एके दिवशी चिमीच्या शीमध्ये रक्ताचा धागा दिसला. गालांवर लाल चट्टे होतेच. मग मी कुणाचं ऐकलं नाही. वहिनीला घेऊन कळंबची एसटी धरली.

दवाखान्यात शेजारच्या बाकावर माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिचं लेकरू तिच्या आईच्या मांडीवर. दोघी एका टोपड्यावरून भांडत होत्या. "गरम होतंय त्याला, काढ की आई!" "तुला काय कळतंय? वारं लागंल." "सगळं तुलाच कळतंय!" "मग! तुला कुणी वाढवलं?" मुलगी फुरंगटून भिंतीकडं बघत बसली. मला तिच्या लेकराचा हेवा वाटला नाही, तिच्या गळ्यातल्या गंठणाचा नाही. त्या भांडणाचा वाटला. तोंड फिरवून बसायला समोर आई लागते गं.

डॉक्टरीणबाईंनी चिमीचं वजन केलं, अंग बघितलं, पोट दाबून बघितलं. मग मला विचारलं, "तुम्ही काय खाता?"

मी सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "भात का बंद? शेंगदाणे का बंद? केळं कुणी बंद केलं?"

मी हळूच वहिनीकडं बघितलं. वहिनी पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. खोटं कशाला सांगू माय, आतून असं गार वाटलं मला! पुढचं ऐकेपर्यंतच.

"हे सगळं चालू करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोटभर खा. बाळं दूध काढतातच. वजन वाढत असेल, बाळ खेळकर असेल, तर आईनं उगाच काही सोडायची गरज नसते. पण हिच्या शीमध्ये रक्त आहे, अंगावर चट्टे आहेत, वजनही थोडं मागं आहे. म्हणून एकच गोष्ट काही आठवडे बंद करून बघू. दूध."

"अंगावरचं?" वहिनी घाबरून म्हणाली.

"नाही, नाही! अंगावरचं अजिबात तोडायचं नाही. यांच्या पिण्यातलं. गाईचं, म्हशीचं, शेळीचं, कुठलंच नाही. दही, ताक, तूप, खवा, सगळं बंद. हाडांसाठी गोळ्या देते. तीळ, नाचणी, पालेभाजी खा."

"मॅडम, घरचं आहे," मी म्हणाले. "निर्भेळ आहे. एक थेंब पाणी नाही त्यात."

"घरचंच असणार हो," त्या समजुतीनं म्हणाल्या. "भेसळीचा प्रश्न नाही. काही बाळांना सोसत नाही."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. वहिनीनं चिमीचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, "आता भुरीचं दूध काय करायचं, ताई?" साधा प्रश्न होता. पण मला काय ऐकू आलं सांगू? तुमचा वाटा आता कुणाला?

आणि झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी माझा तांब्या शौर्यपुढं गेला. पांढरी मिशी घेऊन ते कार्टं घरभर नाचत होतं. "आत्याचं दूध, आत्याचं दूध!" मी कोरा चहा पीत बघत होते. अडीच वर्षांच्या लेकराचा हेवा करणारी आत्या कधी बघितलीस का? बघून घे!

परंड्याहून हे भेटायला आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. आपल्याकडं खव्यावाचून कुणाच्या घरी जाणं होतं का! मी पुडा उघडून नुसता वास घेतला आणि वहिनीकडं दिला.

पण ताट भरलं, माय. भात आला, वरण आलं, चटणी आली. कमलमावशी दारातून बघून म्हणाल्या, "लेकराचा जीव घिती का काय ही?" आणि वहिनी, तीच वाटी उचलून नेणारी वहिनी, पदर खोचून पुढं झाली. "मावशी, डॉक्टरनं सांगितलंय. आता तुमी ताईच्या ताटाकडं बघायचं न्हाय." तिचं कौतुक वाटलं. आणि तेही आवडलं नाही. हिनं निदान एखाद्या बाबतीत तरी वाईट असावं की नाही?

पहिल्या आठवड्यात फरक नव्हता. मला काय वाटलं ते तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला नाही सांगणार. वाटलं, बघा, दुधाचा दोष नाहीच! माझ्या माईनं ठेवलेलं दूध माझ्या लेकीला कसं बाधेल? मग दुसऱ्या आठवड्यात चिमी पिता पिता झोपली. तोंड न सोडता, पाठ न ताणता. चट्टे फिके पडले, शी स्वच्छ झाली. पिऊन झाल्यावर मी तिला खांद्यावर उभी धरून बसायचे आणि माझी पाठ कोरडी राहायची. मी आनंदानं रडत होते. आणि त्या रडण्यात थोडं तुझंही होतं. इतक्या मायेनं ठेवलेली गोष्ट, आणि नेमकी तीच निघावी!

पुन्हा कळंबला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन-तीनदा थोडं दूध घेऊन बघा, म्हणजे नक्की कळेल. उगाच वर्षभर सोडायला नको.

वहिनी घरी येऊन तणतणली. "बरं झालंय लेकरू, तर कशाला उकरून काढताव? मी न्हाय देणार दूध."

"खात्री करायला नको का?" मी म्हणाले.

"खात्री का खावखाव?"

दोन्ही होतं, माय. तिनं पेला दिला नाही, म्हणून मी स्वतःच ओतून घेतला आणि गोठ्यात भुरीपाशी जाऊन प्यायले. तीच साय, तोच धूर. भुरी रवंथ करत माझ्याकडं बघत होती. मी तिला म्हणाले, "बघ हं, लाज राख."

नाही राखली. आणखी दोनदा तसंच घेतलं आणि चिमी परत तीच. भळकन दूध, ताणलेली पाठ, तो टाहो. आज सकाळी तिला खांद्यावर घेऊन मी अंगणात फेऱ्या मारत होते. वहिनी निमूटपणे माझ्या ओल्या साड्या पिळून दोरीवर टाकत होती. "मी म्हणलं नव्हतं का" असं एकदा तरी म्हणावं ना तिनं! ती म्हणेना, आणि माझाच बांध फुटला.

"तुमचं बरंय, वहिनी," मी म्हणाले. "तुमच्या वाट्याला माझी आई सगळी आली. माझ्या वाट्याला एक म्हैस आली, तीबी सोसंना!"

वहिनीच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. मला वाटलं, आता रडेल नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "सगळी? ताई, माझ्या डोक्यावर पाणी घालताना तुमच्या आईच्या तोंडात कुणाचं नाव असायचं, म्हाईत हाय का? जोती अशी, जोती तशी. माझं सव्वा महिन्याचं न्हाणं निस्तं तुमच्या गोष्टीत गेलं. लई राग यायचा मला. म्हणायचे, ही नणंद बाळंतपणात तरी माझा पिच्छा सोडंल का न्हाय!"

मी फेऱ्या थांबवल्या. "कसल्या गोष्टी?"

"ह्याच की. तुमीबी ह्या चिमीसारखंच दूध काढायच्या. आत्यांचा पदर कधी वाळलाच न्हाय. मग तुमच्या आजीनं आत्यांचं तिखट बंद केलं. अळणी भाकरी आन् पाणी."

"मग?"

"मग काय! आत्या सासूच्या चोरून वैरण काढायला म्हणून गोठ्यात जायच्या आन् कणगीमागं बसून ठेचा भाकरी हाणायच्या. एकदा सासू आली, तर तोंडात घास तसाच. सासूनं विचारलं, डोळ्यात पाणी का गं? तर म्हणल्या, लेकराच्या काळजीनं!"

वहिनी हसायला लागली, मीही. चिमी दचकून रडायची थांबली.

"आणि मी? माझं दूध काढणं थांबलं का?"

"कशानं थांबतंय? तिखट सोडून थांबलं न्हाय, खाऊन वाढलं न्हाय. बसाय लागल्यावर आपलं आपणच थांबलं म्हणायच्या."

हसता हसता मी पायरीवरच बसले. तुला ठेचा इतका आवडायचा? तू सासूच्या चोरून खाल्लास? माझ्यासाठी अळणी खाल्लंस आणि माझ्याचसाठी खोटं बोललीस? इतकी वर्षं मी तुझ्याजवळ होते, मला एकदाही नाही सांगितलंस! सगळं तिला सांगितलंस. म्हणजे माझ्या गोष्टीसुद्धा तिच्याच वाट्याला आल्या! दूध गेलं त्याचं एवढं वाटलं नव्हतं गं. हे मात्र मला सोसलं नाही.

"अजून किती आहेत अशा?" मी विचारलं.

"लई हायेत. एका बैठकीत थोड्याच संपत्यात!" वहिनी म्हणाली आणि लुगडं झटकून दोरीवर टाकलं.

माय, आता शब्द देते, ऐक. डॉक्टरीणबाई सांगतील तोवर, चिमी वर्षाची होईस्तोवर म्हणाल्या तरी, मी दुधाला, तुपाला, पेढ्याला शिवणार नाही. उपाशी राहणार नाही, पोटभर खाईन, चिमीचं अंगावरचं तुटू देणार नाही. भुरीचं दूध शौर्यनं खुशाल प्यावं. त्याच्या मिशीकडं मी बघेन, पण बोलणार नाही.

गोष्टी मात्र सोडणार नाही. उद्या न्हाणीत वहिनी चिमीला पायावर घेईल, तेव्हा मी शेजारी पाट मांडून बसणार आहे. रोज एक. परंड्याला जायच्या आधी तिच्याकडची शेवटचीसुद्धा काढून घेईन. ती म्हणेल, आज आठवत नाही, तर भांडेन. राखून ठेवेल, तर भिंतीकडं तोंड करून बसेन, आणि ती सांगायला लागेपर्यंत फिरवणार नाही.

तुझी,
जोती